व्हॅनच्या डॅशबोर्डमागचा फिल्टर: आपली मुलं प्रवासात कोणती हवा घेतात?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गातली एक मुलगी रोज पहिल्या तासाला खोकत यायची. दुसऱ्या-तिसऱ्या तासापर्यंत खोकला आपोआप बसायचा. आधी आम्हाला वाटलं, थंडी आहे, होतं असं. पण हजेरी घेता घेता एक गोष्ट लक्षात आली. ज्या दिवशी तिचे अब्बा तिला मोटरसायकलवरून सोडायचे, त्या दिवशी खोकला नसायचा. व्हॅनने आली की असायचा. तिला बालदमा आहे, दप्तरात पंप असतो, हे तिच्या अम्मीने आम्हाला शाळेत नाव घालतानाच सांगून ठेवलं होतं.

व्हॅनवाले चाचा भला माणूस. गाडी रोज पुसतात, सीटवर कव्हर, आरशाला अत्तराची छोटी बाटली टांगलेली. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही त्यांच्या शेजारी बसून एसी लावायला सांगितला. पहिल्या अर्ध्या मिनिटात ओल्या गोणपाटासारखा वास आला आणि मग अत्तराने तो झाकला. चाचांना विचारलं, "चाचा, एसीचा फिल्टर कधी बदलला?" ते म्हणाले, "सर्व्हिसिंगला देतो ना मी, ते लोक बघत असतील." आम्ही डॅशबोर्डचा डावीकडचा खण उतरवला आणि फिल्टर बाहेर ओढला. मुळात तो पांढरा असतो. आमच्या हातात आला तो काळपट तपकिरी होता, घड्यांमध्ये जांभ्याची लाल माती, आंब्याची सुकलेली पानं, एक मेलेला झुरळ आणि कडेला काळ्या ठिपक्यांची बुरशी. चाचा काही बोलले नाहीत. नुसते "या अल्लाह" म्हणाले आणि तो फिल्टर उलटसुलट करून बघत राहिले.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की त्यानंतर आम्ही ओळखीच्या दहा-बारा घरांत विचारलं. ज्यांच्याकडे सात सीटर आहे, ज्यांची मुलं व्हॅनने जातात, त्यांच्यापैकी जवळजवळ कुणालाच हा फिल्टर कुठे असतो ते माहीत नव्हतं. इंजिन ऑइल सगळ्यांना माहीत. टायरची हवा माहीत. ज्या हवेत आपली मुलं रोज तासभर श्वास घेतात, तिचं कुणाला माहीत नव्हतं. आम्हालाही चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं, हे कबूल करतो.

हा फिल्टर म्हणजे नेमकं काय?

गाडीत दोन वेगळे एअर फिल्टर असतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. एक इंजिनचा. बोनेट उघडलं की (ईकोसारख्या गाडीत पुढची सीट उचलली की) मेकॅनिक जो काढून झटकतो, तो इंजिनला जाणारी हवा गाळतो. दुसरा आपल्यासाठी, म्हणजे आत बसणाऱ्या माणसांसाठी. त्याला केबिन फिल्टर म्हणतात, गॅरेजमध्ये "एसी फिल्टर" किंवा "पोलन फिल्टर" म्हणाल तर लगेच समजतं. बिलावर नुसतं "एअर फिल्टर" लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा इंजिनच्या फिल्टरबद्दल असतं. "एअर फिल्टर बदलला" असं ऐकून निश्चिंत होऊ नका, कोणता ते विचारा.

बाहेरची हवा पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळच्या जाळीतून आत येते. तिथून ब्लोअरच्या पंख्याकडे जाते, मग कूलिंग कॉइलवरून थंड होऊन डॅशबोर्डच्या जाळ्यांतून आपल्या तोंडावर. या वाटेवर, बहुतेक गाड्यांत डावीकडच्या खणाच्या मागे, घड्या घातलेला कागदासारखा एक चौकोनी तुकडा बसवलेला असतो. तो साधा कागद नसतो. बारीक कृत्रिम धाग्यांचा थर असतो आणि चांगल्या फिल्टरमध्ये त्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो. केसांवर घासलेली प्लॅस्टिकची पट्टी कागदाचे कपटे ओढून घेते, तो प्रयोग आपण सगळ्यांनी पाचवी-सहावीत केलेला आहे. धूळ धाग्यांत अडकते ती काही प्रमाणात याच तत्त्वाने. धाग्यांमधली छिद्रं धुळीपेक्षा मोठी असली तरी कण ओढला जाऊन चिकटतो. पुढे ही गोष्ट लक्षात ठेवा, धुण्याच्या प्रश्नात ती परत येणार आहे.

आकाराचा अंदाज घ्या. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. फुलांचे परागकण बहुतेक 10 मायक्रॉनच्या पुढचे. बुरशीचे बीजाणू त्याहून लहान. हे सगळं साधा फिल्टर बऱ्यापैकी अडवतो. डिझेलचा धूर, कचरा जाळल्याचा धूर यांतले कण अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, त्यालाच पीएम 2.5 म्हणतात, आणि हेच कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या देशाच्या 2009 च्या मानकांनुसार हवेत पीएम 2.5 चं प्रमाण वर्षाच्या सरासरीत घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅमच्या आत हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा 5 वर आणली. हायवेवर ट्रकच्या मागे अडकलेल्या व्हॅनमधल्या हवेचा या आकड्यांशी काय संबंध असेल, तो विचार तुम्हीच करा.

साध्या फिल्टरशिवाय काळा, कोळशाचा फिल्टर मिळतो. त्यात सक्रिय कार्बनचा थर असतो, तो धुराचा, गटाराचा वास आणि काही वायू शोषतो. साध्यापेक्षा महाग असतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, किंवा रोजचा रस्ता वाहतुकीचा असेल तर आम्ही तो घ्यायला सांगू. गाडी महिन्यातून दोनदा गावाकडे जायला निघत असेल तर साधा पुरे, पैसे वाचवा.

तुमच्या व्हॅनमध्ये तो आहे का?

पहिलं हे बघा, कारण सगळ्या गाड्यांत नसतो. ओम्नीमध्ये नाही. 1984 पासून 2019 पर्यंत बनलेली ही गाडी आपल्या मोहल्ल्यांत अजून दिसते, शाळेची मुलं नेते, बाजाराचा माल नेते, पण तिच्यात हवा गाळायची काही सोय नाही. ईको 2010 मध्ये आली. तिच्या बिगर-एसी मॉडेलमध्ये फिल्टरचा प्रश्नच येत नाही. 2022 च्या नव्या ईकोत एसीच्या मॉडेलला केबिन फिल्टर असल्याचं कंपनीने सांगितलं. जुनी एसी ईको असेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा किंवा मेकॅनिकला विचारा. एर्टिगा, इनोव्हा वगैरेंमध्ये खणाच्या मागे असतो.

आणखी एक गंमत आहे. गंमत कसली, तापच. काही जुन्या किंवा खालच्या मॉडेलच्या गाड्यांत कंपनीने फिल्टरची जागा ठेवली, पण आत फिल्टर बसवलाच नाही. झाकण काढलं की रिकामा खाच दिसतो. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने काढून फेकला असण्याचीही शक्यता असते, कारण "फिल्टर काढला की हवा जास्त लागते" असा सल्ला देणारे मेकॅनिक आहेत. हवा जास्त लागते हे खरं आहे. चहा गाळणी न लावता ओतला तर लवकर पडतो, तसंच. पण मग ती सगळी धूळ ओल्या कूलिंग कॉइलवर जाऊन चिकटते, तिचा चिखल होतो, आणि कॉइल साफ करायला डॅशबोर्ड उघडावा लागला तर त्या खर्चात किती तरी वर्षांचे फिल्टर आले असते.

खराब झालेला कसा ओळखायचा

ब्लोअर चारवर ठेवला, आवाज खूप येतो, पण तोंडावर हवा दोनइतकीच, हे पहिलं लक्षण. दुसरं वास. एसी सुरू केल्याबरोबर ओला, कुबट वास येतो आणि थोड्या वेळाने कमी होतो. तिसरं, पावसाळ्यात काचेवर आतून धुकं बसतं आणि लवकर जात नाही, कारण काचेवर पुरेशी हवाच पोचत नाही. शेवटचं लक्षण फार महाग पडू शकतं. गाडी थंड होत नाही म्हणून माणूस गॅरेजला जातो आणि तिथे सांगतात, "गॅस कमी झालाय." एसीचा गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, गळती असल्याशिवाय तो संपत नाही. दरवर्षी गॅस भरणाऱ्या माणसाने एकदा फिल्टर काढून बघावा. तो काढून ठेवून पाच मिनिटं एसी चालवा. हवा एकदम जोरात आणि गार लागली तर गॅसचा दोष नव्हता.

बदलायचा कधी? कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये अंतर वेगवेगळं दिलेलं असतं, पण साधारणपणे वर्षातून एकदा, किंवा 15,000 ते 20,000 किलोमीटरच्या आसपास. धुळीच्या रस्त्यावर याच्या निम्म्यात, असं त्याच पुस्तिकांमध्ये लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. आता धुळीचा रस्ता म्हणजे कोणता, हे कोकणातल्या माणसाला सांगायची गरज नाही. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणात गेली कित्येक वर्षं आपण जांभ्याची धूळ खातोय. मालेगाव, सोलापूरकडे उन्हाळ्याची कोरडी माती. भिवंडी-मालेगावात यंत्रमागांचं सूत हवेत असतं, त्याचे तंतू फिल्टरच्या घड्यांवर लोकरीसारखे जमतात. एवढंच सांगतो, आमच्या भागात आम्ही दोन वेळा बघतो: पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळा लागायच्या आधी. बदलतो बहुधा पावसाळ्यानंतर, कारण चार महिने दमट हवेत राहून त्याला बुरशी लागलेलीच असते. बुरशीचे डाग दिसले तर किलोमीटर मोजायचे नाहीत, सरळ टाकून द्यायचा.

कुवेत, दुबई, सौदीत असलेले आपले भाऊबंद याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे आहेत, असा आमचा अनुभव. तिथे वाळूचं वादळ येऊन गेलं की गाडीतून हवा येईनाशी होते, त्यामुळे फिल्टर झटकणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आम्हाला हा खण पहिल्यांदा उघडून दाखवला तो रजेवर आलेल्या आमच्या मामूंनीच. विमानतळावरून येताना पनवेलच्या पुढे त्यांना शिंका सुरू झाल्या आणि चहाला थांबल्यावर त्यांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला, फिल्टर बाहेर काढून आमच्या हातात दिला. लाज वाटली.

बदलण्याची रीत

आम्ही एर्टिगावरून सांगतो, कारण ती आमच्या हाताखालची आहे. बाकीच्या गाड्यांत क्लिपांमध्ये फरक असेल, रीत तीच. हत्यार लागत नाही. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, नंतर दहा मिनिटं.

गाडी सावलीत लावा, चावी काढा. तोंडाला मास्क किंवा ओढणी बांधा. घरात दमा असलेलं माणूस असेल तर त्याने हे काम करू नये आणि जवळही उभं राहू नये. डावीकडचा खण पूर्ण रिकामा करा. (आमच्या खणात काय काय सापडतं, विचारू नका. वलीम्याच्या पत्रिका, टोलच्या पावत्या, दोन तसबीह.) खण उघडून दोन्ही बाजूंच्या भिंती हाताने आत दाबा, म्हणजे अडकवण सुटते आणि खण खाली येतो. काही गाड्यांत, उदाहरणार्थ इनोव्हात, एका बाजूला छोटा दांडा अडकवलेला असतो, तो आधी सोडवावा लागतो. ओढाताण करू नका. जुनं प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, तुटलं तर खण कायमचा खडखडतो.

आत काळ्या प्लॅस्टिकची पेटी दिसेल, तिला क्लिपांचं झाकण. क्लिपा दाबून झाकण काढा. फिल्टर बाहेर ओढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. हा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा, कारण फिल्टरच्या कडेवर बाण असतो, किंवा "अप" असं लिहिलेलं असतं, आणि जुना कसा बसला होता ते बाहेर काढल्यावर आठवत नाही. बाण हवा कुठून कुठे जाते ते दाखवतो. "अप" म्हणजे ती बाजू वर. फिल्टरचे दोन थर वेगवेगळ्या कामाचे असतात, उलटा बसवला तर तो नीट काम करत नाही आणि लवकर तुंबतो. जुन्या मेकॅनिकने चुकीचा बसवलेला असू शकतो, म्हणून फोटो आणि बाण जुळत नसतील तर पुस्तिका बघा.

फिल्टर बाहेर काढताना आडवा धरा, तिरका केला की सगळा कचरा पंख्यात पडतो आणि मग ब्लोअर लावला की टकटक आवाज येतो. काढला की लगेच पिशवीत घालून तोंड बांधा. रिकामी पेटी ओल्या फडक्याने पुसा. फुंकू नका, ब्रशने झाडू नका. आत उंदराच्या लेंड्या किंवा कुरतडलेले कागद दिसले तर हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने काढा, सुकं झाडून उडवायचं नाही. व्हॅनमध्ये मुलांच्या डब्यातलं सांडतं, खजूर, बिस्किटं, वेफर्स. उंदराला आमंत्रण तिथूनच जातं आणि फिल्टरची घडी त्याला घरटं करायला फार आवडते.

नवा फिल्टर बसवताना कडा चारही बाजूंनी चिकटून बसल्या पाहिजेत. स्वस्तातला, मापात जरा लहान फिल्टर मिळतो, तो सैल बसतो, आणि हवा सोपी वाट शोधते. बाजूच्या फटीतून सगळी धूळ आत. विकत घेताना गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून घ्या, नुसतं "एर्टिगाचा द्या" म्हणू नका. साध्या फिल्टरला तीन-चारशे रुपये पडतात, कोळशाच्याला त्याहून जास्त. एका बिर्याणीच्या पातेल्याचा मसालाही याहून महाग असतो.

झटकणं, फुंकणं, धुणं

दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये फिल्टर काढून जमिनीवर हलकेच आपटला, पानं-खडे पडले, परत बसवला, हे ठीक. गॅरेजमध्ये मात्र तो कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकतात आणि "साफ केला" म्हणून बिलात लिहितात. जोराच्या हवेने धागे फाटतात, बारीक छिद्रं पडतात. वरून तो स्वच्छ दिसतो आणि गाळत मात्र नाही. पाण्याने धुणं तर अजिबात नको. धाग्यांवरचा विद्युतभार जातो, घड्या वाकतात, आणि आत राहिलेल्या ओलीवर बुरशी धरते. कोळशाच्या फिल्टरला धुऊन किंवा उन्हात ठेवून पुन्हा ताजा करता येत नाही. कोळसा भरला की भरला. बाजारात "धुता येणारा" जाळीचा फिल्टर मिळतो, तो पानं आणि किडे अडवेल, धूर नाही.

आता अत्तराचं. आपल्याकडे गाडीत वास आला की दोन उपाय ठरलेले. अत्तर टांगायचं, नाहीतर लोबान-अगरबत्ती फिरवायची. अत्तर सुन्नत आहे, आम्हालाही आवडतं, पण बुरशीवर अत्तर मारलं तर मुलाच्या छातीत बुरशी आणि अत्तर दोन्ही जातं. दम्याच्या मुलाला तीव्र सुगंधाचाच त्रास होऊ शकतो. अगरबत्तीचा धूर म्हणजे पुन्हा तेच बारीक कण, आणि बंद गाडीत तो फिल्टरवर आणि सीटच्या कापडात बसतो. सीएनजीच्या व्हॅनमध्ये तर आगीचं काहीही पेटवायचं नाही. नवी गाडी आणल्यावर बरकतीसाठी म्हणूनही नाही. गाडीबाहेर उभं राहून दुआ करा.

बकरीदनंतर गाडीत राहणाऱ्या वासाबद्दलही बरेच जण विचारतात. कुर्बानीचं गोश्त नातेवाइकांकडे पोचवताना पिशवीतून पाणी गळतं, चटईखाली मुरतं, आणि तिसऱ्या दिवशी एसी लावला की वास येतो. इथे फिल्टरचा दोष नसतो. चटया काढून धुवा, खालचा नमदा उन्हात पूर्ण वाळू द्या, आणि पुढच्या वर्षी झाकणाचा डबा वापरा. नमदा वाळल्यावरही वास राहिला तर मग फिल्टर बदला, कारण त्याने तो शोषलेला असतो.

वास मुळात येऊच नये यासाठी एक सवय पुरते. घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा आणि ब्लोअर चालू ठेवा. कूलिंग कॉइलवर पाणी साठलेलं असतं, ते त्या हवेने सुकतं. ओली कॉइल बंद गाडीत रात्रभर राहते तेव्हाच बुरशी वाढते. वायपरखालच्या जाळीतली पानं दर जुम्याला गाडी धुताना हाताने काढा. आंब्याखाली किंवा गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर नक्कीच. ती पानं कुजून पाण्याची वाट बंद करतात आणि पावसात पाणी डाव्या सीटच्या पायाशी येतं.

फिल्टर काय करू शकत नाही

इथे जरा नीट वाचा, कारण नवा फिल्टर बसवल्यावर माणूस बेफिकीर होतो.

कार्बन मोनॉक्साइड हा फिल्टर अडवत नाही. साधाही नाही, कोळशाचाही नाही. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. सायलेन्सर फुटलेला असेल, मागचं दार नीट लागत नसेल, किंवा गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवून एसी लावून कुणी झोपलं असेल, तर हा वायू आत साठतो आणि माणूस झोपेतच जातो. रमजानमध्ये तरावीहनंतर किंवा लांबच्या प्रवासात ड्रायव्हर एसी लावून गाडीत डुलकी घेतात, त्यांना हे जरूर सांगा. बंद जागेत कधीच नाही. सीएनजीला कुजक्या अंड्यासारखा वास मुद्दाम मिसळलेला असतो. तो आला तर फिल्टर-बिल्टर बघत बसायचं नाही. गाडी थांबवा, इंजिन बंद, मुलं खाली उतरवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा.

आणि आतली हवा आतच फिरवण्याचं बटण. गाडीच्या चित्रात गोल बाण असलेलं. धुळीच्या टप्प्यात, ट्रकच्या मागे, ते दाबणं बरोबर आहे. बहुतेक गाड्यांत ही हवाही फिल्टरमधूनच परत जाते, म्हणून ती आणखी स्वच्छ होते. पण आठ मुलं बसलेल्या बंद व्हॅनमध्ये ते तासभर दाबून ठेवलं तर सगळ्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, मुलं पेंगतात, डोकं दुखतं, आणि ड्रायव्हरलाही झोप येते. धुळीचा टप्पा गेला की बटण सोडा. अनेक सात सीटर गाड्यांत छताला मागच्या सीटसाठी वेगळा ब्लोअर असतो, तो बाहेरची हवा घेत नाही, गाडीतलीच फिरवतो. म्हणून मागच्या मुलांनाही ताजी हवा मिळायची ती पुढच्या वाटेनेच.

ज्यांच्या व्हॅनमध्ये फिल्टरच नाही, त्यांनी काय करायचं? धुळीच्या टप्प्यात काचा लावा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, सीट आणि चटया सुक्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. दम्याच्या मुलाला दाराजवळ किंवा मागच्या टोकाला न बसवता मधल्या रांगेत बसवा. फार नाही, पण काहीतरी होतं.

बिलावर लिहिलं म्हणजे बदललं?

आमचा स्वतःचा किस्सा. एका वर्षी गाडी सर्व्हिसिंगला दिली, कोणत्या गॅरेजला ते सोडा. बिलात केबिन फिल्टरचे पैसे होते. घरी येऊन सहज खण उघडला तर आत जुनाच फिल्टर, फुंकून परत घातलेला. ओळखला कसा? आम्ही वह्या तपासतो तसा त्याच्या कडेला लाल पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवला होता. बिल घेऊन परत गेलो, त्यांनी "पोरगा विसरला असेल" म्हणून पैसे परत दिले. विसरला असेलही. तेव्हापासून आम्ही जुना फिल्टर मागून घेतो. तुमच्या पैशाने बदललेल्या वस्तूवर तुमचा हक्क आहे, मागायला संकोच करू नका.

शाळेच्या व्हॅनबद्दल पालकांनी आणखी एक करावं. महाराष्ट्रात 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. तिथे विमा, पीयूसी, फिटनेसचे कागद बघितले जातात. आम्ही आमच्या समितीत फिल्टरचा विषय काढला तेव्हा एक-दोघे हसले. मग चाचांच्या व्हॅनमधला जुना फिल्टर आम्ही पिशवीतून टेबलावर काढला. ठरलं असं, की वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि उन्हाळ्याआधी, व्हॅनवाले फिल्टर काढून दाखवतील, आणि नव्याचा खर्च त्या व्हॅनमधल्या पालकांनी वाटून घ्यायचा. आठ घरांत वाटला तर माणशी पन्नास रुपयेही येत नाहीत. चाचांवर एकट्यावर टाकला असता तर ते बरोबर झालं नसतं, डिझेल आणि हप्त्यांतच त्यांचं पुरं होतं.

त्या मुलीचं विचाराल. फिल्टर बदलला त्याच आठवड्यात तिच्या डॉक्टरांनी औषधही बदललं, त्यामुळे फरक कशाने पडला ते आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. दमा फिल्टरने बरा होत नाही, पंप आणि डॉक्टर लागतातच. पण आता पहिल्या तासाला ती कविता म्हणायला उभी राहते तेव्हा मध्ये थांबावं लागत नाही. चाचांनी आरशाचं अत्तर काढून टाकलंय. नव्या फिल्टरच्या कडेला लाल पेनाने तारीख आहे, आणि तिच्या खाली चाचांनी स्वतःच्या हाताने उर्दूत किलोमीटर लिहिलेत.